तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेल बिघडलं की टाकून देता का?

कपाटातली मी जोडलेली प्लॅस्टिकची छोटी विमानं बघून झाली की बहुतेकजण एकच विचारतात, "इतकं बारीक काम आहे, यात चूक झाली तर काय करता? टाकून देता?" मुलं हे मोठ्याने विचारतात. ज्यांनी स्वतः एखादं किट, म्हणजे मॉडेलच्या सुट्या भागांचा संच, आणून अर्ध्यावर सोडलंय, ते जरा हळू आवाजात विचारतात. या हळू आवाजवाल्यांसाठी नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

टाकून देत नाही. कपाटातल्या प्रत्येक विमानात चुका आहेत, काही बुजवलेल्या, काही तशाच ठेवलेल्या. टाकून द्यावं लागत नाही याचं मोठं श्रेय पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकला जातं. 1936 साली निघालेली, फ्रॉग या ब्रिटिश ब्रँडच्या पेंग्विन मालिकेतली प्लॅस्टिक किट सेल्युलोज ॲसिटेटची होती, आणि ते प्लॅस्टिक वर्षं गेली तसं आपोआप वाकडं होत गेलं. आज आपण जोडतो ती पॉलिस्टायरीनची किट फार सोशीक असतात. हे प्लॅस्टिक विरघळवता येतं, बुजवता येतं, घासता येतं, गरम पाण्यात धरून वाकवता येतं. पण त्याचा स्वभाव ओळखून वागावं लागतं, आणि तो मला एका स्पिटफायरने, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलने, शिकवला.

1/72 प्रमाणातलं ते विमान, पंखांची पूर्ण लांबी साडेपंधरा सेंटिमीटर. उजव्या पंखाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग मी बोटांत दाबून धरले आणि कडेला पातळ सिमेंट लावलं. प्लॅस्टिक किटचं सिमेंट चिकटवत नाही, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि मागे एकसंध प्लॅस्टिक उरतं. वेल्डिंगच म्हणा. पातळ सिमेंट केशाकर्षणाने फटीतून आपोआप धावतं, हाच त्याचा गुण. पण फटीवर बोट असेल तर ते बोटाखालीही धावतं. मी अंगठा उचलला तर पंखावर अंगठ्याचा ठसा, वळ्यांसकट, अगदी सही करताना उठवतात तसा.

आणि मी तो पुसला, कापडाने, लगेच.

माझी खरी चूक ही होती, ठसा नव्हे. मऊ झालेलं प्लॅस्टिक कापडाबरोबर ओढलं गेलं. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या बारीक रेघा पंखावर असतात त्या दोन बोटं रुंदीत लिंपून गेल्या, आणि कापडाचे तंतू त्यात रुतून बसले. नुसता ठसा तसाच सोडला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं. पुसल्यामुळे ते तीन संध्याकाळींचं झालं.

म्हणून कोणी विचारलं की चूक झाल्यावर पहिलं काय करता, तर माझं उत्तर असतं: हातातलं खाली ठेवते. सिमेंट सांडलं, रंग ओघळला, डिकल (पाण्यात भिजवून विमानावर बसवायचं पातळ छापील चित्र) दुमडलं, काहीही झालं तरी. ओलं असताना हात लावून सुधारलेली गोष्ट मला आठवत नाही, फक्त डिकल सोडून. ते पाण्याचे दोन थेंब सोडून ब्रशने पुन्हा तरंगवता येतं. सिमेंटचा डाग एक-दोन दिवस वाळू द्यायचा. वरून तो तासाभरात कडक वाटतो, पण आत प्लॅस्टिक मऊच असतं, आणि तेव्हा घासलं तर आठवड्याभराने तिथे खड्डा पडतो. पूर्ण कडक झालं की 600 नंबरचा सँडपेपर, पाण्यात भिजवून, मग 1000, मग नखांना चमक आणायची पट्टी. ठसा जातो. खरंच जातो, रंगाखाली काही दिसत नाही.

रेघा मात्र पुन्हा कोराव्या लागतात. लेबल छापायची जाड चिकटपट्टी असते ना, तीच पट्टीसारखी पंखावर चिकटवायची आणि तिच्या कडेने सुई ओढायची. जोर अजिबात द्यायचा नाही. पहिल्या ओढीत फक्त खूण उमटते, दुसरीत सुईला वाट सापडते, आठ-दहा ओढींत रेघ तयार होते. जोर दिला की सुई पट्टीवर चढते आणि भलतीकडे ओरखडा जातो. माझा गेलाच. तो सुपरग्लूने भरायचा, आणि इथे घड्याळाकडे लक्ष ठेवायचं. सुपरग्लू कडक झाल्याबरोबर, अर्ध्या-एक तासात, घासून सपाट करायचा. रात्रभर ठेवला तर तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कठीण होतो. मग कागद प्लॅस्टिक खातो आणि ग्लूची धार तशीच उभी राहते. गंमत बघा, सिमेंटला दोन दिवस द्यायचे आणि सुपरग्लूला रात्रही द्यायची नाही. दोघांनाही आपण गोंदच म्हणतो, त्यामुळे नवीन माणूस इथे हमखास गडबडतो.

सुपरग्लूचा दुसरा त्रास कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, म्हणजे कॅनोपीला होतो. वाळताना त्याची वाफ निघते, ती हवेतल्या दमटपणात पांढऱ्या थरासारखी बसते, आणि जिथे बोटांचा तेलकटपणा असतो तिथे आधी बसते. गुन्ह्याच्या जागेवरचे ठसे उठवायला पोलिसांचे तज्ज्ञ हीच वाफ वापरतात. माझ्या एका कॅनोपीवर तसेच ठसे उठले होते, आतल्या बाजूने. आतला वैमानिक, त्याचे खांद्यावरचे पट्टे, उपकरणांची फळी, ज्यावर मी दोन आठवडे घालवले होते, ते सगळं धुक्याआड गेलं.

तेही परत येतं. कॅनोपी अलगद उचकटायची. सुपरग्लूचा जोड ठिसूळ असतो, विमान काही तास फ्रीझरमध्ये ठेवलं तर तो आणखी ठिसूळ होतो आणि पातळ ब्लेडच्या टोकाने कट्ट करून सुटतो. ॲसिटोनच्या, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरच्या वाटेला जायचं नाही. ते सुपरग्लू सोडवतं खरं, पण पॉलिस्टायरीनही वितळवतं. मग 2000 नंबरच्या कागदाने सुरुवात करून चढत जायचं, शेवटी प्लॅस्टिकचं पॉलिश मऊ कापडावर घेऊन फिरवायचं. 2000 चा हात फिरवल्यावर कॅनोपी आधीपेक्षा वाईट दिसते, पूर्ण दुधाळ. इथे धीर सोडायचा नाही. अपारदर्शकपणा प्लॅस्टिकच्या पोटात नसतो, पृष्ठभागावरच्या ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून ती दुधाळ दिसते. ओरखडे जितके बारीक होत जातील तितकं आरपार दिसायला लागतं. शेवटी पारदर्शक चमकदार ॲक्रिलिकमध्ये बुडवून काढायची. ते उरलेल्या चरांमध्ये भरून बसतं आणि काच परत काच होते. खालचा थेंब टिश्यूच्या कोपऱ्याने टिपून घ्यायचा, वर वाटी पालथी घालायची, धूळ बसू नये म्हणून. तेव्हापासून मी कॅनोपी लाकडाच्या पांढऱ्या गोंदानेच बसवते. वाफ नाही, डाग नाही, आणि पुन्हा काढायची झाली तर ओल्या ब्रशने सुटते.

हाच पांढरा गोंद वाईट जागी वापरला तर काय होतं, तेही सांगते. नाकाखाली चाक असणारी विमानं, बी-25 मिचेल, पी-38 लाइटनिंग, मेसरश्मिट 262, यांच्या नाकात वजन भरावं लागतं. नाहीतर मॉडेल उभं केल्याबरोबर शेपटीवर बसतं. माझं बी-25 धड बंद करून, पुट्टी लावून, रंगवून झालं, चाकं लावली आणि ते बसलं. नाक उघडायचं म्हणजे सगळा रंग गेला. तासभर नुसती बघत बसले. मग लक्षात आलं की इंजिनांची तोंडं अजून चिकटवलेली नाहीत, आणि या विमानात इंजिनांच्या घरांचा पुढचा भाग मुख्य चाकांच्या पुढे येतो. वजन चाकांच्या पुढे असलं म्हणजे झालं, ते नाकातच हवं असं कुठे आहे? मासेमारीच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या दोन्हीकडे भरल्या, पुढच्या चाकाच्या खोबणीतून आणखी चार सरकवल्या. विमान पुढे झुकलं आणि तिन्ही चाकांवर उभं राहिलं. त्या संध्याकाळी मला जितका आनंद झाला तितका सरळ जुळून आलेल्या कुठल्याही किटने दिलेला नाही.

गोळ्या पक्क्या करायला मी पांढरा गोंद घेणार होते, पण एका अनुभवी मित्राने थांबवलं. बंद जागेत शिशाची त्या गोंदाशी प्रक्रिया होते, गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते, ती फुगत जाते, आणि काही वर्षांनी आतून जोड फोडते. रेल्वेची मॉडेल करणाऱ्यांची इंजिनं अशी फुटली आहेत. शिशाला इपॉक्सी वापरायचं, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

रंगाची चूक तुलनेने सोपी. ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. आधी स्प्रूच्या, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्या, तुकड्यावर लावून बघायचं, हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची. डिकलच्या कडेला चंदेरी झाक आली तर ती खाली अडकलेली हवा असते. सुईने टोचून, डिकल मऊ करणारं द्रावण सोडलं की बहुतेक वेळा बसते. पुढच्या वेळी डिकलच्या आधी चमकदार थर द्यायचा, म्हणजे खडबडीत रंगात हवा राहत नाही.

चिमट्यातून उडालेला भाग शोधण्यात मी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त घालवत नाही. अँटेना, आधाराच्या काड्या, बंदुकीची नळी हे सगळं करता येतं. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत धरायचा. मधोमध लोंबायला लागला की बाजूला घेऊन दोन्ही टोकं शांतपणे ओढायची. केसाइतका बारीक धागा निघतो. जोरात ओढला तर बारीक, हळू ओढला तर जाड. हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक अख्खा स्प्रू मी नुसता धागे काढण्यात संपवला, इतकं ते सुंदर असतं.

प्रत्येक चूक दुरुस्त करायची का? माझ्याकडे एक माप आहे. 1/72 म्हणजे एक इंचात सहा फूट. मॉडेलवरची अर्ध्या मिलिमीटरची पायरी खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटरपेक्षा जास्त भरेल. कोणताही मेकॅनिक ती चालवून घेणार नाही, म्हणून मीही घेत नाही. दहा सेंटिमीटरवरून डोळे बारीक केल्यावर दिसणारा ब्रशचा केस मात्र राहू देते.

हे माप मी एकदा मोडलंय, त्याच स्पिटफायरवर. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे 6 अंश वर जातात. उजवा पंख घासताना विमान मी डाव्या पंखाच्या टोकावर टेकवून धरलं होतं, आणि डाव्या मुळाचा जोड आतून अजून वाळलेला नव्हता. तो दीड अंश खाली बसला, टोकाशी 2 मिलिमीटर. माझ्याच हिशेबाने 14 सेंटिमीटर. मला ते कळलं रंग झाल्यावर, समोरून बघताना. उपाय माहीत होता: मुळाशी बारीक करवतीने कापायचं, पाचर घालायची, पुन्हा बुजवायचं. करवत हातात घेतलीही होती. पण विमान उताणं करून धरल्याशिवाय कापता येत नव्हतं, आणि तसं धरलं की बोटं नेमकी त्या उजव्या पंखावर येत होती, जिथे मी माझी पहिली रेघ कोरली होती. करवत ठेवून दिली.

आता पंख चिकटवण्याआधी मी पुठ्ठ्यावर 6 अंशांचा साचा कापून घेते आणि विमान रात्रभर त्यात बसवून ठेवते. ते स्पिटफायर वरून दुसऱ्या खणात आहे, डावा पंख खाली. पुढच्या वेळी आलात की ते हातात घेऊन बघा, आणि तुमचं अर्धवट राहिलेलं किटही घेऊन या.