पान्हा न लागणारा ट्रॅप: सिंकखालचा वाक आखताना

40 मिमी पाइपच्या सिंकसाठी ट्रॅप आखायला घेतला तेव्हा कागदावर पहिली अट लिहिली: उघडताना पान्हा लागता कामा नये. दुसरी अट इतकी उघड आहे की घाईत तीच राहून जाते. ट्रॅपचं मूळ काम पाणी धरून ठेवणं. गटारातला वास वर येऊ नये म्हणून ते पाण्याचं बूच. 1775 साली अलेक्झांडर कमिंगने संडासाच्या ज्या रचनेचं पेटंट घेतलं, त्यात एस आकाराचा असाच वाक होता, आणि युक्ती अजून तीच चालते. बुचाची उंची मी 75 मिमी धरली. 50 च्या खाली गेलात तर सिंक काही दिवस बंद राहिलं किंवा पाणी एकदम ओढलं गेलं की बूच संपतं. 100 च्या वर गेलात तर तळाशी गाळ बसायला जागा करून दिल्यासारखं होतं.

पहिला विचार अर्थातच बॉटल ट्रॅपचा, म्हणजे पाण्याने भरलेली वाटी आणि तिच्यात वरून बुडालेली नळी. खालची वाटी फिरवली की निघते, यापेक्षा सोपं काय? पण आकडे मांडले तेव्हा उत्साह ओसरला. आतली नळी आतून 36 मिमी, बाहेरून 40 मिमी आणि वाटीचा आतला व्यास 64 मिमी धरा. नळीतून पाणी सुमारे 1,020 चौ.मिमी जागेतून उतरतं, पण नळीभोवतीच्या कड्यातून वर चढताना त्याला सुमारे 1,960 चौ.मिमी जागा मिळते. म्हणजे वेग जवळपास निम्मा. उतरताना वाहून आलेले कण चढताना मागे राहतात आणि साबण-तेलाच्या चिकट्यात रुततात. वाटी 54 मिमीची केली तर दोन्हीकडचा वेग सारखा होतो खरा, पण नळी आणि वाटी यांत 7 मिमीची फट उरते. तिथे केसांचा गुंता हमखास अडकतो. आणखी एक अडचण जागेची: वाटी सुटायला आटे संपल्यावरही आतल्या नळीची लांबी उतरावी लागते. 75 मिमी बूच, 15 मिमी आटे आणि बोटांना जागा धरून वाटीखाली किमान 120 मिमी मोकळं हवं. कपाटाच्या फळीवर टेकलेली वाटी फिरते, पण बाहेर येत नाही.

मग पी-ट्रॅप, म्हणजे यू आकारात वळून भिंतीकडे जाणारा पाइप. गोल, एकसारख्या व्यासाचा वाक असल्याने पाणी स्वतःच बराचसा गाळ ढकलून नेतं. वाकाच्या तळाशी गाळ काढायला छोटं आट्यांचं बूच द्यावं असं वाटलं होतं. 20 मिमीच्या बुचातून पाणी निघतं, घाण नाही. ती बाहेर पडणाऱ्या बाजूच्या चढावर चिकटलेली असते आणि तिथे ब्रश वळत नाही. बूच 36 मिमीचं केलं तर त्याचं आतलं तोंड वाकाच्या गोलाईशी जुळायला हवं, नाहीतर तिथेच खळगा तयार होतो. आट्यांचं बूच वॉशर दबेल तसं दर वेळी वेगळ्या कोनात थांबतं, त्यामुळे गोलाई जुळत नाही. शेवटी बूच सोडून दिलं आणि अख्खा यू-वाकच दोन नटांवर काढता येईल असा ठेवला. तो सरळ खाली उतरवला तर स्वतःच वाटीसारखा पाणी धरतो. सांध्यांच्या वर उभं असलेलं पाणी तेवढं सांडतं. सांधे पाण्याच्या पातळीखाली 30 मिमीवर असतील तर दोन्ही बाजू मिळून 60 मिली, फार तर.

नटावर सर्वाधिक वेळ गेला. हात ओले आणि बुळबुळीत असतात, म्हणून बाहेरून 70 मिमी व्यास आणि 8 मिमी उंच सहा पाकळ्या. आटे जाड, 4 मिमी अंतराचे, म्हणजे अडीच फेऱ्यांत नट मोकळा. बारीक आट्यांत साबणाचा पांढरा थर बसला की ते जाम होतात. टेफ्लॉन टेप इथे लागत नाही: पाणी अडवतो तो वॉशर, आटे फक्त त्याला दाबतात.

निमुळत्या वॉशरची सपाट बाजू नटाकडे, निमुळती बाजू सांध्याच्या तोंडात. उलटा बसला की थेंब थेंब गळतं, माणूस नट अजून आवळतो आणि नट तडकतो. म्हणून वॉशरच्या आत एक ओठ दिला, जो नळीवर एकाच दिशेने चढतो. शिवाय रंग नटापेक्षा वेगळा, कारण काळा वॉशर काळ्या गाळाबरोबर कचऱ्यात जातो. रबर नायट्राइल घेतलं. ईपीडीएम हे दुसरं रबर पाण्याला उत्तम, पण तेलाशी त्याचं जमत नाही.

नमुना थ्रीडी प्रिंटरवर काढला तो फक्त आकार आणि पकड तपासायला. प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि थरांमधल्या रेघांत चिकटा बसतो. खरा ट्रॅप पॉलिप्रोपिलीनचा हवा. यूपीव्हीसी, म्हणजे कडक पीव्हीसी, उकळतं पाणी वारंवार पडलं तर सांध्यापाशी वाकडं होतं.

गळती तपासताना पुढचा पाइप बंद करून सिंक काठोकाठ भरलं आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास ठेवला. रोजच्या वापरात सांध्यावर काही सेंटिमीटर पाणी असतं, तुंबल्यावर अर्धा मीटरच्या वर. तपासायचं ते दुसऱ्या स्थितीसाठी. त्यानंतर सिंक भरून जाळीचं बूच एकदम काढलं. शेवटी गुडगुड आवाज आला, तर वाकातलं पाण्याचं बूच ओढलं जात आहे असं समजावं. वाकात काडी घालून मोजलं तर किमान 25 मिमी पाणी उरायला हवं. कमी उरलं तर दोष बहुधा पुढच्या पाइपचा: तो फार लांब, फार उताराचा किंवा हवा न मिळणारा असतो. मीटरला 20 ते 25 मिमी उतार पुरतो.

साफ करताना आधी सिंकमधलं पाणी मगने काढून टाका. 40 बाय 35 सेंमी सिंकमध्ये 10 सेंमी पाणी म्हणजे 14 लिटर. ते खालच्या टबात मावत नाही. कॉस्टिक सोडा ओतला असेल तर हातमोजे आणि चष्म्याशिवाय नटाला हात लावू नका. वाक एका हाताने धरून नट सोडा, मेणचट थर आधी खरवडून काढा, मगच गरम पाणी आणि साबण. आधीच गरम पाणी ओतलं की चरबी पातळ होऊन पुढच्या पाइपात जाते आणि तिथे पुन्हा गोठते. खाली येणाऱ्या नळीचं टोकही बोटाने चाचपून घ्या. कापताना राहिलेला काठ दर आठवड्याला केस पकडत असतो. चाकूने आतून गोल केला की तो प्रश्न मिटतो. आणि वाक धुवायला दुसरा नळ शोधा. त्याच सिंकमध्ये धुणारे बरेच निघतात.