गाडी वर घे

माझा जबाब दीड पानाचा आहे. त्यात खोटं काही नाही. एक वाक्य नाही, एवढंच.

मी शहर वाहतुकीत हवालदार आहे. गावाचं नाव सांगत नाही, नोकरी अजून नऊ वर्षं बाकी आहे. धुळं समजा, जळगाव समजा. सुरत-नागपूर हायवे (जुना सहा नंबर, आता त्रेपन्न) दोन्हीकडे आहे आणि पारोळ्याची एसटीही दोन्हीकडे येते. ज्यांना ओळखायचं ते चौक ओळखतीलच.

लोकांना वाटतं आमचं काम पावती फाडायचं. पावती आता फाडत नाहीत, मशीनमध्ये नंबर टाकतात, पण ते सोडा. आमचं खरं काम एकच, रस्ता हलता ठेवणं. कंट्रोलवरून विचारतात, "पॉइंट क्लिअर?" आपण म्हणायचं, "क्लिअर." चौकातून माणसं नीट गेली का, हे बावीस वर्षांत मला वायरलेसवर कुणी विचारलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर ते कुणी विचारावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी हजेरीलाच सांगितलं, मंत्री महोदयांचा ताफा पावणेबाराला जाणार, चार वाजता परत येणार. माझ्याकडे चौकापासून बँकेपर्यंतचा तुकडा, तीनशे मीटरचा. तो तुकडा मी पंचवीस मिनिटांत मोकळा करतो. नव्या पोरांना दोन तास लागतात आणि वर भांडणं होतात.

त्याची रीत आहे. आधी रिक्षा हलवायच्या नाहीत. त्या हलवल्या की मागच्या गल्लीतून फिरून पाच मिनिटांत पुन्हा उभ्या. त्या शेवटी. आणि "ए रिक्षा" असं ओरडायचं नाही, कुणीही ते आपल्याला आहे असं समजत नाही. नंबरचे शेवटचे चार आकडे ओरडायचे, की बरोबर तोच माणूस चहाचा कप ठेवून पळत येतो. मोटारसायकलींना हात लावायचा नाही. दुकानासमोर उभं राहायचं, मशीन काढायचं आणि पहिल्या गाडीचा फोटो घ्यायला सावकाश वाकायचं. नो पार्किंगला पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडलात तर १५००, हे २०२१च्या डिसेंबरपासून सगळ्यांना पाठ आहे. मी वाकेपर्यंत दुकानातून सहा माणसं बाहेर येतात. आमच्यातला एक तरुण आहे, तो झाडामागे उभा राहून बिनहेल्मेटवाले टिपतो. महिन्याच्या आकड्यात तो कायम पहिला. त्याच्या पॉइंटवर वाहतूक तुंबलेली असते, पण तुंबल्याचा आकडा कुठे लागत नाही.

राहिल्या लोटगाड्या. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकल्याशिवाय पुढे जाताच येत नाही आणि लोटगाडीला नंबर नसतो. त्यांच्यासाठी पोलीस कायद्याचं कलम १०२ आहे, पण खटला करायचा तर केळी, तराजू, छत्री सगळं ठाण्यात नेऊन ठेवावं लागतं. संध्याकाळपर्यंत केळी काळी. ते कुणी करत नाही. त्याऐवजी दोन शब्द आहेत, "वर घे."

वर म्हणजे फुटपाथवर.

बँकेसमोर केळीवाले चाचा असतात. पंधरा-सोळा वर्षं तरी तिथेच. त्यांच्याकडे एक फळी आणि दोन विटा कायम असतात. फळी फुटपाथच्या कडेला टेकवायची, पुढची चाकं चढवायची, मग मागून दोघांनी रेटायचं. वर गेली की मागच्या चाकांना विटा, नाहीतर गाडी केळीसकट परत रस्त्यावर. त्या दिवशी त्यांचा पोरगा आला नव्हता. मागून मीच रेटलं. दोन्ही हात लावून, खांदा देऊन. असं काम केलं की मला बरं वाटतं. दंडुका आपटून काम करणारे पुष्कळ आहेत.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी ताफा गेला. चाळीस सेकंदही लागले नसतील. वायरलेसवर साहेब म्हणाले, "गुड." मी चाचांना सांगितलं, "आता चारपर्यंत खाली येऊ नका. परत जायचेत ते."

दुपारी एकच्या पुढे पारोळ्याची गाडी आली. चौकात एसटीचा थांबा आहे. पाटी आहे, शेडही आहे. शेडमध्ये चप्पल-बूट दुरुस्तीवाला बसतो आणि शेडसमोर ॲपे रिक्षा. स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहन उभं करायचं नाही, हे स्टँडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ती मीटर कुणी मोजत नाही, आणि चौकातला थांबा तर दोनशेच्या बाहेरच पडतो, म्हणजे तिथे सगळं माफ. त्या रिक्षांवर मी रोज चिडतो आणि रोज सोडतोही. आमच्याकडे सिटी बस नाही. त्या रिक्षा बंद केल्या तर सिव्हिलला, कोर्टात, कॉलेजात माणसं जाणार कशानं? एसटीच्या ड्रायव्हरनं, नेहमीसारखी, गाडी मधल्या लेनमध्ये थांबवली. तोही काय करणार.

म्हातारी उतरली. पंचाहत्तरच्या पुढची, कारण तिकीट शून्य रुपयांचं होतं, पिशवीत एसटीच्या मोफत प्रवासाच्या अमृत योजनेसाठीचं आधार कार्ड होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. नऊवारी, डोक्यावर पदर. बसच्या पुढून बरोबर पलीकडे आली, घाई न करता, दोन्हीकडे बघून. रस्ता ओलांडताना तिनं एकही चूक केली नाही. हे मी जबाबात लिहून घेतलं आहे.

मी चाळीस-पन्नास फुटांवर होतो. एका बुलेटच्या नंबर प्लेटवर "दादा" वाचता येत होतं, ते चलन करत होतो. माझं लक्ष तिच्याकडे का गेलं सांगता येत नाही. ती फुटपाथच्या कडेला आली आणि थांबली. समोर चाचांची गाडी. गाडीच्या अलीकडे तीन मोटारसायकली, मीच सकाळी रस्त्यावरून उठवलेल्या. पलीकडे वीज मंडळाची डीपी. तिनं कडेवर हात ठेवला, एक पाय उचलून बघितला, परत खाली ठेवला. मग पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि गाडीला वळसा घालून रस्त्याच्या कडेनं चालायला लागली.

रस्ता मोकळा होता. मीच केलेला. त्या रस्त्यावर एरवी वीसच्या वर कुणाला जाता येत नाही. मोकळा मिळाला म्हणून त्या पोरानं मोटारसायकल सोडली असणार. एकोणीस वर्षांचा, कॉलेजचा. हँडलचा धक्का लागला, ती कुशीवर पडली आणि उठलीच नाही.

पोरगा पळाला नाही. गाडी टाकून तिच्याजवळ बसला आणि रडायला लागला. लायसन्स आहे, विमा आहे, पीयूसीसुद्धा. इतक्या वर्षांत कागद पूर्ण असलेला आरोपी मी फार थोडे वेळा पाहिला. लोकांनी दोन लगावल्याच त्याला. लगावणाऱ्यांत एक तो होता ज्याची मोटारसायकल फुटपाथवर होती.

तिला मी ॲपेतच घालून सिव्हिलला पाठवलं, त्याच शेडसमोरच्या. रिक्षावाल्यानं पैसे घेतले नाहीत, तेही सांगायला हवं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तासाभरानं ठाण्याचे तपासी अंमलदार आले. चांगला माणूस, पण चार गावांचे अपघात एकट्याच्या डोक्यावर. पंचनाम्याला टेप धरायला मीच. दुभाजकापासून पडल्या जागेपर्यंत किती, डाव्या कडेपासून किती, मोटारसायकल कुठे, काच कुठे. सगळी मापं रस्त्यावरची. त्यांचं झाल्यावर म्हटलं, साहेब, टेप जरा द्या.

फुटपाथ भिंतीपासून कडेपर्यंत दोन मीटर दहा. दुकानाच्या पायऱ्या पंच्याहत्तर सेंटिमीटर. उरले एक मीटर पस्तीस, त्यात चाचांची गाडी एक मीटर पाच. म्हणजे तीस सेंटिमीटर राहिले. माझा जोडा अठ्ठावीसचा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे, हे मला एका प्रशिक्षणात शिकवलं होतं, जेवण चांगलं होतं म्हणून ते लक्षात आहे. आमची कड मोजली तर एकतीस. कारण तो मुळात फुटपाथ नाहीच, गटारीवरचा ढापा आहे. वर फरशी लावली की त्याला फुटपाथ म्हणायचं. चाचांची गाडी काढली असती तरी एकतीस सेंटिमीटर त्या गुडघ्यांनी चढली असती का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारतो. उत्तर "नाही" आलं तर मला सुटल्यासारखं वाटेल, हे कळतं, म्हणून त्या उत्तरावर माझाच विश्वास बसत नाही.

मग जबाब. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. "सदर वृद्ध महिला रस्त्याच्या कडेने पायी जात असताना" इथपर्यंत आलं तेव्हा मी म्हटलं, साहेब, ती रस्त्यावर का होती ते लिहा. उद्या नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील हेच वाक्य काढेल. फुटपाथ असताना बाई रस्त्यावरून चालत होती, तिचाही निष्काळजीपणा, भरपाई कापा. मी कोर्टात साक्षीला जाऊन हे ऐकलेलं आहे.

ते म्हणाले, "लिहू की. फुटपाथवर लोटगाडी होती असं लिहितो. मग रस्त्यात अडथळा आला, न्यायसंहितेचं कलम २८५ लागतं. पाच हजारापर्यंत दंड. केळीवाल्याला आरोपी करतो. चालेल?"

मी म्हटलं, त्याला वर मी चढवलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तेही लिहू?"

बाहेर चाचा उभे होते, हातात पाण्याची बाटली. त्यांना वाटलं मला तहान लागली असेल.

शेवटी लिहिलं ते असं, "फुटपाथ चालण्यायोग्य मोकळा नसल्याने". नसल्याने. कुणामुळे, ते त्यात नाही. म्हातारीच्या दाव्याला एवढं पुरेल असं अंमलदार म्हणतात. पुरेलही. पोरावर २८१ आणि १२५ लागलं, मोटार वाहनचं १८४ लागलं, तेही बरोबरच आहे. तो वेगात होता.

आमच्या ग्रुपवर २०२५च्या मे महिन्यात एक मेसेज फिरला होता, चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय म्हणून. खाली तीन अंगठे आले आणि कुणीतरी वाढदिवसाचा केक टाकला. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात ३२,८२५ पायी चालणारी, असा केंद्राचा आकडा आहे. आमची म्हातारी त्यात धरली जाणार नाही, ती जगली. ताफ्याच्या दिवशी पॉइंट क्लिअर ठेवल्याबद्दल आम्हा चौघांना मात्र शेरा मिळाला, चांगला.

चौथ्या दिवशी साध्या कपड्यांत सिव्हिलला गेलो. मुलगा सुरतेहून आला होता, उधन्याला लूमवर आहे, रात्रपाळी करून तसाच गाडीत बसलेला. म्हातारीनं मला ओळखलं. पहिली गोष्ट विचारली ती पिशवीची, "भाऊ, मनी पिशवी देखा का?" पिशवी ठाण्यात जमा होती. आत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी होत्या, लेकीकडे चाललेल्या. भाकरींचं काय झालं ते मी सांगितलं नाही.

मी तिला विचारलं, आजी, फुटपाथवर का नाही चढलात? मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. ती म्हणाली, "वर बी गाड्या, खाले बी गाड्या. मंग मी कथा चालू, भाऊ?"

कुठे चालू, असं विचारलं तिनं, पण रागानं नाही. मी तिथला पोलीस आहे तर मला माहीत असेल, अशा समजुतीनं. आणि निघताना माझा हात धरून म्हणाली, "तू व्हता म्हनीसन मी वाचनू." मुलगा पाया पडायला वाकला. मी जिन्यावरून भराभर उतरलो.

त्यानंतर नगरसेवकाला भेटलो, एका इंजिनिअरला भेटलो. कड कापून उतार द्या म्हटलं, निदान थांब्यासमोर. इंजिनिअर म्हणाले, ढापा कापला तर गटार उघडं पडेल. नगरसेवक म्हणाले, हॉकर्सचं मार्केट होणार आहे, मग सगळं मोकळं. ते मार्केट मी हवालदार व्हायच्या आधीपासून होणार आहे. बुधवारी सकाळी थांब्यासमोरच्या रिक्षा मी एकट्यानं दीड तास हटवून ठेवल्या, एसटी तीन वेळा कडेला लागली. चौथ्या वेळी ड्रायव्हर सवयीनं मधेच थांबला.

काल पुन्हा बंदोबस्त होता. कुणाचा ते नीट कळलंही नाही. साडेदहाला मी बँकेसमोर आलो. शिट्टी तोंडात होती, वाजवली नव्हती. चाचांनी मला बघितलं, गाडीखालून फळी काढली, कडेला टेकवली आणि विटा शोधायला लागले. पोरगा बरोबर होता. पुढची चाकं फळीवर चढली, तेव्हा ते मागे वळले. मी अजून काही बोललो नाही म्हणून थांबले असतील.

"उपर ही ना, साब?"

मागे पाच-सहा मोटारसायकली हॉर्न वाजवत होत्या. वायरलेसवर कंट्रोल विचारत होतं, पॉइंट क्लिअर का.