समुद्रसपाटीवरून संदकफू, नोंद चौथी: उतार

सरावाच्या ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी पहाटे खेड तालुक्यातल्या महिपतगडावरच्या पारेश्वराच्या देवळात जाग आली आणि उठण्याआधी मी पांघरुणातच दोन्ही मांड्या दाबून पाहिल्या. जड होत्या, पण दुखत नव्हत्या. शेजारी वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तेच करत होत्या. गेले अडीच महिने आम्ही दोघी या एका सकाळची वाट पाहत होतो. सलग दोन दिवस ओझं घेऊन चालल्यावर तिसऱ्या दिवशी पाय उठतात का, एवढंच पाहायचं होतं. उठले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही हिमालयात, पश्चिम बंगाल-नेपाळ सीमेवरच्या सिंगलिला धारेवर ट्रेकला निघतोय. मानेभंज्यांगहून सुरुवात, मग तुमलिंग, कालीपोखरी, संदकफू, फालुत, तिथून गोरखेला उतरून श्रीखोला. तंबू नाही, स्वयंपाकाचं सामान नाही. रोज संध्याकाळी कुठल्या तरी ट्रेकर्स हटमध्ये किंवा गावातल्या लॉजमध्ये पोहोचायचं, तिथली रजई, तिथलाच डाळ-भात. वाट कधी भारतात, कधी नेपाळात. तुमलिंग तर नेपाळातच आहे, त्यामुळे फोटो असलेलं ओळखपत्र कायम जवळ. सिंगलिला राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या सोबत असणं बंधनकारक आहे आणि मला ते योग्यच वाटतं. का ते पुढे येईल.

मी ४६ वर्षांची, वहिनी ५२. आमचं घर हर्णैत, अंगणातून समुद्र दिसतो. संदकफू ३६३६ मीटरवर.

जून-जुलैत मी जे केलं ते अर्धं चुकीच्या दिशेने होतं, हे आता लिहून ठेवते. रोज ओहोटीच्या वेळी मुरुडच्या पुळणीवरून कर्द्याकडे आणि परत. मऊ वाळूत पाय रुततो, पोटऱ्या भरून येतात, घोटे घट्ट होतात. दम वाढला, सकाळची नाडी ७८ वरून ७१ वर आली. मला वाटलं तयारी रुळावर आहे. मग ऑगस्टच्या मध्यावर एका रविवारी आम्ही दोघी आसूदला गेलो. दाबकेवाडीतून सुपारीच्या बागांमधली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची, साकव ओलांडायचा आणि पलीकडे केशवराजाच्या देवळापर्यंत पायऱ्या चढायच्या. पाठीवर सहा-सहा किलो तांदूळ बांधून तीन फेऱ्या केल्या. चढताना काही वाटलं नाही. सोमवारीही फारसं नाही. मंगळवारी सकाळी मात्र मला माडीवरून खाली येता येईना. कठड्याला धरून एकेक पायरी, तीही तिरकी.

पुळण सपाट असते. दोन महिने मी एकदाही उतरले नव्हते.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन तोलत, ताणला जात काम करतो, म्हणजे ब्रेक लावल्यासारखं. या कामात दम लागत नाही, म्हणून फसगत होते. पण स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि त्या दुखण्याचा कळस त्याच दिवशी येत नाही, एक ते तीन दिवसांनी येतो. मुक्कामाच्या ट्रेकमध्ये याचा अर्थ असा की पहिल्या दिवशीचा उतार तिसऱ्या दिवशी वसूल होतो. चांगली बाजू अशी की स्नायू हे लवकर शिकतो. एकदा उतरून दुखलं, बरं झालं, की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला दुखणं बरंच कमी होतं आणि हा फायदा काही आठवडे टिकतो.

आमच्या ट्रेकचा नकाशा मग मी पुन्हा उघडला आणि यावेळी फक्त खाली जाणाऱ्या रेषा पाहिल्या. सगळेजण संदकफूच्या चढाबद्दल बोलतात. कालीपोखरीहून वर जाणारे शेवटचे सहा किलोमीटर खरंच खडे आहेत. पण पाय मोडणारा दिवस त्यानंतरचा आहे. संदकफू ते फालुत २१ किलोमीटर, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फालुतच्या ३६०० मीटरवरून गोरखेपर्यंत साधारण १३०० मीटर उतार. दापोली समुद्रसपाटीपासून जेमतेम २४० मीटरवर आहे. म्हणजे दापोलीहून हर्णै बंदरावर पाच वेळा उतरून यायचं, एका दिवसात, आधीचे चार दिवस पायांत साठलेले असताना.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा केशवराज. श्रावणात पाखाडीच्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथे घाई चालत नाही. ही सक्तीची सावकाशी आमच्या फार उपयोगी पडली. सप्टेंबरअखेर सात किलो घेऊन पाच फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. ही दुसऱ्या दिवशीची फेरी मी सगळ्यांना आग्रहाने सांगेन. एका दिवसात दहा फेऱ्या मारल्याचं समाधान मोठं असतं, पण मुक्कामाच्या ट्रेकला उपयोग दुसऱ्या दिवशीच्या तीन फेऱ्यांचाच.

आणि मग रसाळ-सुमार-महिपत. खेड तालुक्यातले हे तीन किल्ले एकाच डोंगररांगेवर आहेत आणि कोकणातून दोन मुक्काम करून चालण्यासारखी याहून चांगली रंगीत तालीम मला सापडली नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. पाऊस संपला होता, पण गवत डोक्याएवढं उभं. पायथ्याच्या वाडीतले एक मामा वाटाडे म्हणून घेतले. साठीच्या पुढचे, पायात साध्या चपला, खांद्याला कोयती.

पहिला दिवस सोपा, मुद्दामच. रसाळगडावर संध्याकाळी पोहोचलो, इकडेतिकडे पडलेल्या तोफा पाहिल्या, झोलाई-वाघजाईच्या देवळात पथारी टाकली. खालच्या वाडीत जेवण सांगून ठेवलं होतं: भात, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी. लवकर झोपलो. मुक्कामावर उजेडी पोहोचणं आणि गरम जेवण मिळणं, या दोन गोष्टींवर दुसरा दिवस उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो आणि महिपतगडावर पाच वाजता पोहोचलो. अकरा तास. सुमारगडाकडे जाणारी वाट गवतात आणि कारवीत तीन वेळा नाहीशी झाली. म्हणजे मला नाहीशी झाली असं वाटलं. मामा थांबले नाहीत. एके ठिकाणी मी मोबाइलमधला नकाशा काढून उजवीकडे वाट दाखवली. मामा म्हणाले, "ती गुरांची हाय, ताई. पाण्यापर्यंत जाते नि थांबते." खाली पाहिलं तर खरंच डबकं. नकाशावर रेघ असते, पण ती रेघ कोणाच्या पायांची आहे हे लिहिलेलं नसतं.

त्यांच्या चालण्याकडे मी दिवसभर बघत राहिले. चढावर आणि उतारावर चाल एकच. बोलता येईल इतपतच वेग. उतारावर गुडघा किंचित वाकलेला, पाऊल छोटं, टाच आपटत नाही. वहिनी दोनदा घसरल्यावर त्यांनी मागे वळून सांगितलं, "ताई, पाय टाकू नका. ठेवा." हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलंय. ट्रेकिंग पोल आम्ही दोघींनी दोन-दोन घेतले होते. उताराला त्यांची लांबी थोडी वाढवून पुढे टेकले की गुडघ्यावरचा भार हाताला वाटून घेता येतो, हे महिपतच्या वाटेवर नीट जमलं.

सुमारगडाचा शेवटचा कातळ शिडीने चढलो. वरच्या टाक्यातलं पाणी गार होतं. तिथेच वहिनींच्या टाचेला फोड आलेला दिसला. सकाळच्या दवाने मोजे भिजले होते आणि त्यांनी ते तसेच ठेवले होते. कोरडे मोजे घातले, टाचेला चिकटपट्टी लावली. आता नियम असा की दुपारच्या जेवणाला मोजे बदलायचेच, ओले असोत वा नसोत. आणि बूट चावतोय असं पहिल्यांदा वाटेल तेव्हाच थांबायचं, "पुढच्या पाण्याला बघू" म्हणायचं नाही.

महिपतगड प्रचंड मोठा आहे, वर पठारच. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आणि मधु-मकरंदगड. रात्री मामांनी चूल मांडली. थंडी कोकणाच्या मानाने बरी होती, तरी वहिनींनी विचारलं, "तिकडं किती असेल गं?" दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे नुसत्या उंचीमुळेच आमच्या अंगणापेक्षा संदकफू तेवीस-चोवीस अंशांनी थंड. नोव्हेंबरअखेर रात्री पाणी गोठतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. परत आल्यावर त्यांनी लोकरीचे दोन मोजे विणायला घेतले.

तिसऱ्या दिवशी वाडी बेलदारवरून दहिवलीला उतरलो. सकाळच्या त्या मांड्यांनी पूर्ण उतार नीट झेलला. नंतर दोन दिवस मी माडीच्या जिन्याकडे लक्ष ठेवून होते. कठड्याला हात न लावता उतरले.

जे इथे होणारच नाही ते उंचीचं. संदकफूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण प्रत्येक श्वासात मिळतो तो कमी. पुळणीवर कितीही धावा, त्याची सवय होत नाही. ती वर राहूनच होते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. तुमलिंग साधारण २९०० मीटर, कालीपोखरी ३१०० च्या थोडं वर, मग संदकफू, म्हणजे आम्ही नियमात बसतो. तरीही संदकफूला दोन रात्री ठेवल्यात. एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से, मकालू, जगातल्या पहिल्या पाचांपैकी चार शिखरं तिथून दिसतात. एक सकाळ ढगांनी नेली तर दुसरी हातात राहील. डोकं दुखलं, मळमळलं, तर वर जायचं नाही. थांबूनही त्रास कमी झाला नाही तर खाली. हा निर्णय वाटाड्याचा, आमचा नाही, असं आम्ही आत्ताच ठरवून टाकलंय, कारण सुमारच्या गवतात माझा निर्णय काय होता ते मला आठवतंय. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलून झालं. वहिनींना सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे त्यांना ती गोळी नको म्हणाले. ज्यांना अशी अ‍ॅलर्जी असेल त्यांनी आधी विचारा.

सॅक सध्या पाण्यासह साडेसहा किलो. खेडच्या तीन दिवसांत न वापरलेलं सगळं काढलं: दुसरा टॉवेल, जाड वही, तिसरी टोपी. रजईला आतून लावायचं सुती अस्तर मी जुन्या साडीचं शिवलं, ते वजनाला काहीच नाही. हातमोजे अजून बाकी आहेत, दापोलीत मिळाले ते फार पातळ.

शेवटचा मोठा उतार निघण्याच्या दोन आठवडे आधी, म्हणजे पाय पूर्ण बरे होतील आणि शिकलेलं विसरणार नाहीत. त्यानंतर फक्त सपाट चाल. येत्या रविवारी सकाळी भरती आहे, म्हणून पुळणीवर नाही, केशवराजाला. सात किलो, पाच फेऱ्या, सोमवारी तीन.