पाइपात कोरडा, तलावात ओला : पिवळ्या हँडहेल्डचा पुढचा टप्पा

पिवळा संच, म्हणजे नौकेवर वापरायचा हातात धरण्याजोगा वायरलेस, हिप्परग्याच्या तलावात पुन्हा पाणी प्यायला. मुख्य गॅस्केट नवे होते, पीटीटीच्या (बोलताना दाबून धरायच्या) बटणाचे रबर नवे होते, मागचे स्क्रू सारख्याच ताणाने आवळलेले होते आणि घरच्या उभ्या पीव्हीसी पाइपात एक मीटर पाण्याखाली पूर्ण अर्धा तास राहूनही आत ठेवलेला टिश्यू पेपर कोरडाठाक निघाला होता. तरीही तलावाच्या पृष्ठभागावर, म्हणजे खोली जवळजवळ शून्य असताना, काही मिनिटांतच डिस्प्लेच्या काचेवर आतून धुके धरले आणि चॅनेलच्या '१६' या आकड्याच्या खालच्या कडेला एक थेंब स्पष्ट दिसू लागला. मोठ्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला संच छोट्या परीक्षेत नापास का व्हावा, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढे सरकायचे नाही असे ठरवून बॅटरी पॅकच्या पुनर्बांधणीचे काम सध्या बाजूला ठेवले आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की हा संच देवगडच्या एका स्नेह्यांच्या नौकेचा असून तिच्या परवान्यात त्याची नोंद आहे. आपल्याकडे सागरी चॅनेलवर प्रक्षेपण करायचे तर नौकेचा परवाना लागतो. म्हणून सोलापुरात प्रक्षेपणाची तपासणी केवळ ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, संकेत हवेत न सोडणाऱ्या भारावर) होते आणि तलावात संच फक्त ऐकण्याच्या अवस्थेत तरंगतो. उजनीच्या जलाशयावर आपसांत बोलायचे असेल तेव्हा आम्ही हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्यावर १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. त्याच्याशी या संचाचा संबंध नाही.

प्रथम संशय पीटीटीवर होता, कारण तो दिवसातून शेकडो वेळा दाबला जातो. त्यानंतर संशय चार्जिंगच्या पट्ट्यांवर गेला, कारण मिठाच्या हवेने तेथे हिरवी बुरशी यावी तसा थर आला होता. दोन्ही जागा पाइपातील परीक्षेत निर्दोष ठरल्या होत्या. मग पाइपात नसलेली अशी कोणती गोष्ट तलावावर होती, याची यादी करायला बसलो, आणि उत्तर उन्हात सापडले. तलावावर पोहोचल्यानंतर दोरी, नारिंगी फोमचा लॅनयार्ड आणि लाइफ जॅकेटे यांची जुळवाजुळव होईपर्यंत संच काठावरच्या दगडावर पडून होता. मे महिन्यातील सोलापूरचे ऊन कसे असते, ते येथे वेगळे सांगण्याची गरज नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर संचाच्या काळ्या पुढच्या बाजूवर ६० अंशांच्या आसपासचा आकडा दाखवत होता, तर तलावाचे पाणी २८ अंशांचे होते.

आता हिशेब पाहा. या संचाच्या पाठीमागे, बॅटरी पॅकच्या खाली, हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी एक छोटी झिल्ली आहे. उन्हात पडलेल्या संचातली हवा तापून पसरते आणि या झिल्लीतून हळूहळू बाहेर जाते. अर्ध्या-पाऊण तासात आतला दाब बाहेरच्या इतकाच होतो. असा संच थंड पाण्यात पडला की आतली हवा झपाट्याने आक्रसते, परंतु झिल्लीवर आता पाणी असल्यामुळे बाहेरून हवा आत येऊ शकत नाही. निरपेक्ष मापात ३३३ केल्विनवरून ३०१ केल्विनपर्यंत खाली आल्यास आतला दाब सुमारे ९.६ टक्क्यांनी घटतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांवर असल्याने येथील हवेचा दाब साधारण ९६० हेक्टोपास्कल धरला, तर ही घट ९२ हेक्टोपास्कल होते, म्हणजेच पाण्याच्या सुमारे ९४ सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतकी. देवगडला समुद्रसपाटीवर हाच आकडा जवळजवळ पूर्ण एक मीटर येतो. दिसायला संच पाण्यावर तरंगत असतो, पण त्याच्या सीलांच्या दृष्टीने तो मीटरभर खोल गेलेला असतो. शिवाय उष्णतेने रबर मऊ झालेले असते आणि पॅक, नॉब, बटणे हे सारे भाग वेगवेगळ्या प्रमाणात फुगलेले असतात.

एवढे झाल्यावर मानके पुन्हा नीट वाचली. आयपीएक्स-७ हा जलरोधकतेचा दर्जा म्हणजे एक मीटर खोली आणि ३० मिनिटे, हे सर्वांनाच पाठ असते. मात्र त्याच आयईसी ६०५२९ मानकात पाण्याचे आणि उपकरणाचे तापमान ५ केल्विनपेक्षा अधिक भिन्न असू नये, अशीही अट आहे, आणि जाहिरातीच्या डब्यावर ती कोणी छापत नाही. ही परीक्षा गोड्या पाण्याची असते, हेही तेथे दिसत नाही. याउलट जीवरक्षक नौकांसाठी असलेल्या जीएमडीएसएस (जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा) हँडहेल्डांबाबत आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा १९९५ चा ठराव ए.८०९(१९) पाहिला, तर खोलीची अट एक मीटर आणि निदान ५ मिनिटे एवढीच आहे, परंतु पाण्यात बुडताना ४५ अंश सेल्सिअसचा औष्णिक धक्का बसला तरी जलरोधकता टिकली पाहिजे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. ज्यांनी ही अट घातली त्यांना तापलेल्या डेकवरून समुद्रात पडणाऱ्या संचाची पुरेपूर कल्पना होती. माझे मत विचाराल तर कोकणातील उन्हाळ्यात वापरायच्या संचासाठी आयपीएक्स-७ आणि त्याहून कडक आयपीएक्स-८ यांतील फरकापेक्षा हा औष्णिक धक्का अधिक महत्त्वाचा आहे, आणि दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न तोच असावा. बहुतेक दुकानदार त्यावर संच किती वॅटचा आहे ते सांगतात.

कारण समजले, तरी पाणी नेमके कोठून शिरते हे कळायचे राहिले होते. त्यासाठी घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांची जुनी युक्ती उलट बाजूने वापरली. पहाटे गच्चीवर थंड झालेला संच, सेल काढलेला रिकामा पॅक लावून, ४५ अंशांच्या पाण्याच्या बादलीत बुडवायचा. आतली हवा पसरते आणि जेथे गळती आहे तेथून बुडबुडे निघतात. लिथियम-आयनचे सेल आत ठेवून हा प्रयोग कोणीही करू नये. पाणी वापरताना आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा दिवस पाहावा लागतो. पिंपाऐवजी उभा पाइप निवडण्याचे कारणही तेच, कारण त्यात वीसेक लिटरांत मीटरभर खोली मिळते.

बादलीत संच बराच वेळ निपचित पडून राहिला. पीटीटीपाशी काही नाही, स्पीकरच्या जाळीपाशी काही नाही, अँटेनाच्या बुडाशी काही नाही. तेवढ्यात आवाजाचा नॉब सहज फिरवला आणि त्याच्या खालून मोहरीच्या दाण्याएवढ्या बुडबुड्यांची एक बारीक माळ वर आली. नॉब आणखी थोडा फिरवला की माळ थांबे, मागे आणला की पुन्हा सुरू होई. बंद अवस्थेत, म्हणजे नॉब पूर्ण डावीकडे असताना, एकही बुडबुडा नाही. आणि पाइपातील सर्व परीक्षा संच बंद ठेवूनच घेतल्या जात होत्या, कारण मीटरभर खाली डिस्प्ले पाहण्याची सोय नव्हती. तलावावर मात्र संच चालू होता आणि नॉब मधोमध होता. एका क्षणात दोन्ही परीक्षांचे निकाल जुळले.

नॉब उपसून पाहिला, तेव्हा आतल्या दांड्यावरची ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली आणि दाबली तरी पुन्हा गोल न होणारी निघाली. दांड्यावर भिंगातून पाहिल्यास खाऱ्या पाण्याने पाडलेला एक उभा खड्डा दिसतो, लांबीला फार तर दोन मिलीमीटर. तो खड्डा रिंगच्या चपट्या बाजूसमोर आला की वाट मोकळी होते. एरवी तो फुगीर बाजूखाली झाकलेला राहतो, म्हणूनच गळती नॉबच्या ठरावीक कोनातच होते.

ओ-रिंगसाठी अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानात गेलो. व्हर्नियरवर आतला व्यास ५ मिलीमीटर आणि जाडी १ मिलीमीटर भरली. दुकानाच्या मालकांनी ती रिंग चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि विचारले, "सर, एवढ्याशा रिंगनं कुठला सिलिंडर थांबवणार तुम्ही?" मी म्हटले, "अण्णा, सिलिंडर नाही, समुद्र थांबवायचाय." त्यांनी हसत ७० शोअर कडकपणाची नायट्राइल रिंग दिली, आणि पैसे इतके थोडे घेतले की मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवलेल्या मिश्र रिंगांच्या डब्याची आठवण येऊन वाईट वाटले, त्या डब्यातील एकाही रिंगचे माप लेबलाशी जुळत नाही. सिलिकॉन ग्रीस मात्र आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडूनच घ्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते ग्रीस पाण्यात राहण्यासाठीच असते, लहान डबीत मिळते आणि नायट्राइलला त्रास देत नाही. स्प्रेच्या डब्यातले सिलिकॉन बटणांवर, काचेवर आणि बोटांवर जाते, हव्या त्या ठिकाणी सोडून सर्वत्र.

नवी रिंग आणि ग्रीस लावून गरम पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहिलो आणि एकही बुडबुडा आला नाही. दुसरी समाधानाची गोष्ट अशी, की आतला भाग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन (बोअरचे पाणी सर्किट बोर्डावर पांढरे डाग सोडते) वाळवल्यावर ग्रहणक्षमतेत काहीही फरक पडलेला नाही. टायनीएसए या छोट्या मापनयंत्राचा १५६.८०० मेगाहर्ट्झवरील (चॅनेल १६) क्षीण संकेत ४० डेसिबलच्या अटेन्युएटरमधून, म्हणजे आणखी क्षीण करून, दिला, तरी संच तो पूर्वीइतकाच स्वच्छ पकडतो. ज्या थेंबासाठी एवढा खटाटोप झाला, तो बोर्डापर्यंत पोहोचलाच नव्हता.

तरीही मनात एक शंका उरते. बुडबुडे आतून बाहेर येणाऱ्या दाबाचे असतात, तर तलावात घडते ते उलट, बाहेरून आत. ओष्ठासारख्या कडा असलेले काही सील एका दिशेने घट्ट आणि दुसऱ्या दिशेने सैल असतात. म्हणून संच उन्हात तापवून २८ अंशांच्या पाण्यात टाकायची, म्हणजे खऱ्या प्रसंगाची, परीक्षा घ्यायचे ठरवले होते आणि पुढील नोंद तीच असणार होती. परंतु हे लिहीत असताना त्याहून चांगली कल्पना सुचली आहे. पाठीमागच्या झिल्लीतून हवा जाते, मग तेथेच छोटी सक्शन कप बसवून गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप जोडली, तर शोषण थेट सेंटिमीटरांत मोजता येईल. पाइपाला यू आकार देऊन त्यात रंगीत पाणी भरायचे, सिरिंजने हवा ओढून दोन्ही बाजूंत ९४ सेंटिमीटरांचा फरक आणायचा, सिरिंज बंद करायची आणि तो फरक किती वेळात घटतो ते पाहत बसायचे. तापवण्याची गरज नाही, सेलांना धोका नाही, पाणी जवळपास लागतच नाही, आणि नॉबच्या प्रत्येक कोनावर वेगळा आकडा मिळतो. खोलीचे तापमान परीक्षेच्या काळात एका अंशाने बदलले तरी आकड्यात जवळजवळ तीन सेंटिमीटरांचा फरक पडेल, त्यामुळे हे काम पहाटे, पंखा बंद ठेवूनच करावे लागेल. शक्य झाल्यास शेजारी एक रिकामी बंद बाटली दुसऱ्या नळीला जोडून तिचा आकडा वजा करता येईल.

झिल्ली फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने सक्शन कप तिच्यावर कशी बसवावी, याबद्दल कोणाचा अनुभव असेल तर अवश्य कळवावे. माझा विचार मोबाइलच्या स्टँडवरील रबरी कप कापून घेण्याचा आहे. तसेच दांड्यावरचा खड्डा पॉलिश करून घालवावा की तसाच ग्रीसखाली ठेवावा, याबाबत मी अजून दुहेरी मनःस्थितीत आहे. पॉलिश केल्याने व्यास कमी होतो आणि १ मिलीमीटर जाडीच्या रिंगला तेवढीही सूट परवडत नाही. लेव्हल पाइपचा आकडा अर्ध्या तासात पाच सेंटिमीटरांपेक्षा अधिक घसरला, तर एमआयडीसीतील लेथवर स्टेनलेस स्टीलचा नवा दांडा करून घेईन. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि स्नेह्यांची नौका १ ऑगस्टला बाहेर पडायची आहे, त्यामुळे लेथवाल्याला निर्णय जूनच्या मध्यापर्यंत सांगावा लागेल.