सायकल, अंडी आणि इटली

शनिवार, रात्री साडेअकरा. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, सकाळची राईड बोंबलली. दिवसभर घरात बसून मोबाईलवर जे वाचलं ते इथे लिहून ठेवतोय, नाहीतर परवापर्यंत विसरेन.

सुरुवात भाचीच्या फीवरून झाली. ताईला विचारलं, माँटेसरी म्हणजे नक्की काय गं, तर म्हणे बालवाडीच, फक्त महाग. मलाही तेवढंच माहीत होतं. पण मारिया माँटेसरी ही इटलीतली खरीखुरी डॉक्टरीणबाई, १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह काढलं. १९३९ ला मद्रासला शिक्षकांना ट्रेनिंग द्यायला आली, आणि पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरल्यावर इंग्रजांच्या लेखी एकदम शत्रू झाली! मुलाला तर पकडून छावणीत टाकलं, मग तिच्या ७० व्या वाढदिवसाला सोडलं. युद्ध संपेपर्यंत बाई इथेच, काही वर्षं कोडाईकनालला.

मग म्हटलं त्या काळात खुद्द इटलीत काय चाललं होतं बघू, आणि तिथून जो गेलो तो थेट रीता लेवी-मोंताल्चिनीपाशी. तुरीनची ज्यू मुलगी, डॉक्टर झालेली, १९३८ च्या ज्यूविरोधी वंशकायद्यांनी तिचं युनिव्हर्सिटीतलं काम बंद पाडलं. तर हिने बेडरूममध्येच लॅब थाटली! शिवणाच्या सुया घासून घासून त्यांची शस्त्रं केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या मज्जातंतूंवर काम सुरू. गंमत म्हणजे तिचे प्रोफेसर ज्युसेप्पे लेवी, त्यांनाही काढून टाकलेलं, ते तिच्याच बेडरूममध्ये मदतनीस म्हणून यायला लागले. तुरीनवर बॉम्ब पडायला लागले तसे हे लोक खेड्यात गेले, आणि तिथे ही सायकलवरून वाड्यावाड्या फिरायची, अंडी मागत, माझ्या मुलांसाठी पाहिजेत म्हणून. मुलंबाळं काही नव्हती हो! प्रयोग झाला की उरलेलं अंडं घरच्यांच्या ताटात. (आई हे ऐकून म्हणाली, वाया नाही घालवलं ते बरं केलं.) याच वाटेवर पुढे अमेरिकेत मज्जातंतू वाढवणारा घटक सापडला, १९८६ चं नोबेल मिळालं, आणि बाई १०३ वर्षं जगल्या.

१९४३ ला जर्मन आले तेव्हा ती घरच्यांसोबत फ्लोरेन्समध्ये खोट्या नावाने लपून राहिली. खोटी नावं म्हणजे खोटे कागद आलेच. आणि इथे मी उठून बसलो, कारण त्याच फ्लोरेन्समधून त्याच सुमारास जीनो बार्ताली हा सायकलपटू सायकलच्या नळीत ज्यूंसाठीचे असेच खोटे कागद लपवून असिसी गावापर्यंत ने-आण करत होता, एका बाजूचंच अंतर दीडशे किलोमीटरच्या वर. दोघांची भेट झाली असं कुठे नाही, मी उगाच जुळवतोय, पण जुळवल्याशिवाय राहवतही नाही.

बार्ताली म्हणजे १९३८ चा टूर द फ्रान्स, सायकलची सगळ्यात मोठी शर्यत, जिंकलेला हिरो, त्यामुळे प्रॅक्टिसला चाललोय म्हटलं की सुटायचा. सायकलला हात लावू नका, सगळं माप जुळवून सेट केलंय, असं शिपायांना सांगायचा म्हणे. १९४८ ला परत टूर जिंकला, दहा वर्षांनी! त्यावर भरभरून लिहिलं गेलं, पण या कागदांबद्दल स्वतः जवळपास आयुष्यभर गप्प. २००० साली वारला, इस्रायलच्या याद वाशेमने (ज्यू नरसंहाराचं तिथलं स्मारक) त्याचा सन्मान केला तो २०१३ ला.

आणि मी, सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आलो तरी दुपारच्या आत स्ट्राव्हावर (राईडी नोंदवायचं ॲप) टाकतो, फोटोसकट.

उद्या पाऊस असलाच तर सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढून बघणार आहे, नळीत कागद किती मावतात ते.