ती का गेली?

आठवीत असताना माझ्या बाकावरची मैत्रीण आठ दिवस शाळेत आली नाही. तिची आई चौथ्या बाळंतपणात गेली होती. हजेरी घेताना बाईंनी विचारले, तेव्हा मागून कोणीतरी सांगितले, "वार पडली नाही, बाई. नशिबातच नव्हतं तिच्या." बाईंनी हजेरीपट मिटला आणि आम्हालाच विचारले, "कळा कधी सुरू झाल्या? जवळ कोण होतं? रक्त किती गेलं? गाडी कोणी आणि कधी बोलावली?" वर्गात एकालाही उत्तर देता आले नाही. "म्हणजे ती का गेली हे आपल्याला ठाऊकच नाही," एवढेच बोलून त्यांनी त्या तासाला भूगोल बाजूला ठेवला आणि डॉ. जेरुशा झिराड यांची हकीगत सांगितली.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते आमच्या शाळेच्या त्या वर्गात. बाईंचे शिक्षण पुण्याला हुजूरपागेत झालेले. डॉ. झिराडही त्याच शाळेच्या विद्यार्थिनी, त्यामुळे बाई त्यांच्याविषयी घरच्या माणसाविषयी बोलावे तशा बोलत असत. १८९० साली शिवमोग्ग्यात, कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, समाजातल्या कुटुंबात जन्मलेल्या या मुलीने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली, पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनला राहून प्रसूतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१९ मध्ये तिथल्या विद्यापीठाची एम.डी. मिळवली. आमच्या सीमाभागातल्या मुलींना त्यातले जन्म कर्नाटकातला, शिक्षण पुण्या-मुंबईचे आणि घरची भाषा मराठी, एवढेच फार जवळचे वाटले होते.

दिल्ली आणि बंगळूर इथल्या सेवेनंतर त्या मुंबईत परतल्या आणि १९२८ ते १९४७ या काळात त्यांनी कामा रुग्णालयाची धुरा सांभाळली. १८८६ पासून स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनीच उपचार करावेत म्हणून चालत आलेल्या या रुग्णालयात त्यांच्या हाताखाली तरुण स्त्री डॉक्टर तयार झाल्या. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. पुढे १९५० मध्ये देशभरातल्या प्रसूतितज्ज्ञांचा महासंघ उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला मात्र या सगळ्यापेक्षा मोठी वाटते ती १९३७-३८ ची त्यांची पाहणी. मुंबई शहरातल्या माता कशाने मरतात याचा त्यांनी शोध घेतला आणि तो अहवाल १९४१ मध्ये सरकारने छापला. बाळंतपणातला मृत्यू हा दैवाचा भाग मानला जाण्याच्या काळात एका डॉक्टरने प्रत्येक मृत्यूला कारण असते असे धरून चालावे, यातच प्रसूतिशास्त्राचे अर्धे शिक्षण आले असे मी मानते.

मी डॉक्टर झाले नाही. एएनएम, म्हणजे गावोगाव फिरून बाळंतपणे करणारी सरकारी परिचारिका झाले आणि सगळी नोकरी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात केली. आमच्या प्रशिक्षणात एकदा प्लास्टिकची एक पिशवी दाखवली गेली. बाळ बाहेर आले की ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची, नाड्या पोटाभोवती बांधायच्या. खाली निमुळत्या झालेल्या भागावर मिलिलिटरच्या रेघा असतात. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी तांबडे पाणी जुन्या लुगड्यावर ओतले आणि अंदाज विचारला. आम्ही बहुतेकींनी तीनशे सांगितले. तेवढेच पाणी पिशवीत ओतल्यावर ते पाचशेच्या रेघेला टेकले आणि खोलीत कोणी बोलेना. ही पिशवी आपल्याच जिल्ह्यात, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ दरम्यान केलेल्या अभ्यासासाठी तयार झाली होती. नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज सरासरी एक तृतीयांशाने कमी भरतो, हे तिच्यामुळे मोजून दिसले. त्या अभ्यासात १,६२० बाळंतिणी होत्या आणि प्रसूती करणाऱ्या आमच्यासारख्या एएनएमच होत्या. बाळ जन्मताच मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचन पावायला लावणाऱ्या औषधाच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिलेल्या स्त्रियांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के आढळला, तर औषध नसलेल्या गोळ्या दिलेल्यांत १२ टक्के. हे वाचताना मला बाईंचा "रक्त किती गेलं?" हा प्रश्न आठवला.

नोकरीला लागल्यापासून मी एक वही ठेवली होती. सरकारी नोंदी कन्नडात, ही वही मराठीत. जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीवर, पावसाळ्यात, माझ्या हद्दीतली एक बाळंतीण गेली, तेव्हा बाईंचे चारही प्रश्न मी त्या वहीत लिहिले आणि घरोघरी बसून उत्तरे मिळवली. कळा पहाटे सुरू झालेल्या. जवळ सासू आणि शेजारीण. रक्ताला जुनी दोन पातळे पुरली नव्हती. गाडी दुपारनंतर निघाली, कारण नवरा गोव्याला कामावर होता आणि त्याच्याशिवाय 'न्या' म्हणणारे घरात कोणी नव्हते. पूल, पाऊस, अंतर यांना मी तोवर दोष देत होते. पूल त्या दिवशी पाण्याखाली नव्हता.

त्यानंतर सातवा महिना लागलेल्या प्रत्येक घरी मी सासूबाईंजवळ बसू लागले. चहा होईपर्यंत दुसरे काही बोलायचे नाही. मग विचारायचे, "मावशी, रात्री-अपरात्री पोरीचं अंगावरून जायला लागलं तर 'न्या' कोण म्हणणार? गाडी कोणाची?" ज्या घरात उत्तर मिळत नसे तिथे दुसऱ्या आठवड्यात परत जायचे. मिळाले की त्या माणसाचे आणि गाडीवाल्याचे नाव तायी कार्डाच्या, म्हणजे गरोदर बाईच्या सरकारी नोंदींच्या कार्डाच्या, मागे, सासूबाईंच्या समोरच, ठळक मराठी अक्षरांत लिहून द्यायचे.