जॉर्जियन फार्महाउस, चुना आणि लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट : माझा अनुभव

इथे इंग्लंडमध्ये जुनं दगडी घर घ्यायचं मनात असलेले बरेच मराठी लोक विचारतात की लिस्टेड घर (म्हणजे जतन करायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं) घ्यावं का, परवानगीची फार कटकट असते ना, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. आमचं घर नॉर्थ यॉर्कशायरमध्ये, निडरडेलला. जॉर्जियन काळातलं म्हणजे 1714 ते 1830 मधलं, ग्रेड टू लिस्टेड.

शेतकऱ्याचंच घर, पण समोर उभं राहिलं की बांधणाऱ्याची नजर कळते. मधोमध दार, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्या, वरच्या मजल्यावर बरोबर त्यांच्या डोक्यावर तशाच पण उंचीला थोड्या कमी. दर्शनी भिंत घडीव दगडाची, बाजूच्या आणि मागच्या मात्र ओबडधोबड, कारण खर्च जिथे दिसेल तिथेच करायचा. छपरावर दगडाच्याच फरश्या, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे जाताना लहान लहान होत गेलेल्या. मला हे सगळं इतकं आवडतं की पाहुणे आले की मी आधी त्यांना बाहेरच उभं करते.

प्रॉब्लेम होता ओलीचा. उत्तरेकडच्या खोलीत खालून पोपडे सुटत होते, रंग धरत नव्हता, हिवाळ्यात कुबट वास. ओल काढून देणारी एक कंपनी आली आणि मीटर टेकवून सरळ म्हणाली भिंतीत केमिकल इंजेक्शन मारा, आतून वॉटरप्रूफ प्लास्टर करा. कोटेशन बघून मी गप्प झाले, पण पटलं नाही. ही भिंत एकसंध नसतेच. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये बारीक दगड नि चुन्याची भर, आणि दोन्ही थर बांधून ठेवायला मधूनमधून आरपार टाकलेले लांब दगड. अशा भिंतीत केमिकलचा सलग पट्टा तयार कसा होणार? त्यात आधीच्या कुणीतरी बाहेरच्या सगळ्या दरजा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरून टाकलेल्या. चुना मऊ असतो, भिंतीत शिरलेलं पाणी दरजांतून बाहेर उडून जातं. सिमेंट ते अडवतं, मग पाणी दगडातूनच बाहेर पडायला बघतं, थंडीत तिथेच गोठतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. आमच्या काही दगडांच्या कडा अशा आत गेल्या होत्या आणि सिमेंटच्या रेघा तेवढ्या पुढे आलेल्या.

मग काउन्सिलच्या परवानगीचं, म्हणजेच लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटचं. लिस्टेड घराच्या मूळ स्वरूपात फरक पडेल असं काहीही विनापरवाना करणं हा इथे गुन्हा आहे (1990 चा कायदा), आतल्या भागालाही तो लागू, आणि आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी नोटीस आत्ताच्या मालकाला येऊ शकते. त्यामुळे घर घेतानाच वकिलाला विचारून घ्या. अर्जाला फी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. निर्णयाची मुदत 8 आठवडे, पण अर्ज अपुरा असेल तर ती मोजायला सुरुवातच होत नाही, आणि आमचा वेळ तिथेच गेला, एकदा नकाशाच्या स्केलवरून, एकदा खिडकीच्या सेक्शनवरून (छेद दाखवणारं चित्र).

सगळ्यात महत्त्वाचा कागद हेरिटेज स्टेटमेंट. घरात महत्त्वाचं काय आहे आणि तुमच्या कामाने त्याचं काय होणार, हे लिहायचं. मी ते स्वतः लिहिलं आणि सगळ्यांना तेच सांगेन, कारण त्यासाठी घर इंच इंच बघावं लागतं. वरच्या मजल्यावर एक बंद खिडकी आहे, सगळे म्हणायचे खिडकीवरच्या करामुळे बुजवली असणार (तो कर खरंच होता, 1696 ते 1851). आम्हाला ती उघडून बाथरूमला उजेड हवा होता. काउन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसर (जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या) बाई आल्या, त्यांनी दाखवलं की आतला दगड आजूबाजूच्या भिंतीत नीट गुंतवून बांधलाय, नंतर भरलेला नाही. म्हणजे ती पहिल्यापासूनच बंद, फक्त समोरचा तोल साधायला! ते काम मी अर्जातून काढून टाकलं. आनंदाने काढलं.

डबल ग्लेझिंगला मात्र काउन्सिलचा सरळ नकार आला. वरच्या खिडक्यांत जुनी हाताने फुंकलेली काच आहे, बाहेरचं झाड तिच्यातून जरा हलल्यासारखं दिसतं, आणि लाकडी पट्ट्या इतक्या नाजूक की दुहेरी काचेचं वजन त्या पेलणार नाहीत. आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे मूळ खिडकी तशीच ठेवून आत वेगळी काच, चालेल म्हणाले. ते केलं, आणि रंगाने चिकटून बसलेली आतली लाकडी शटर्स सोडवली. दोन्ही मिळून थंडीत खूप फरक पडतो.

दरजांतलं सिमेंट काढून परत चुना भरायला परवानगी मिळाली ती अटीवर, आधी भिंतीवर नमुना करून दाखवा. सिमेंट छिन्नीनेच काढायचं, ग्राइंडर नाही, दगडाची कड कापली जाते. पहिला तुकडा निघाला तर मागची चुन्याची भर चमच्याने काढता येईल इतकी ओली होती. गवंडी माणूस फार चांगला मिळाला, वाळू जाडी भरडी हवी म्हणून आधीचा नमुना त्याने स्वतःच खरवडून परत केला. माझं माहेर वाईचं, तिथल्या वाड्याच्या भिंतीही चुन्यातल्या. बाबांना फोनवर सांगितलं तर लगेच म्हणाले, "चुना सावकाश धरतो गं, उन्हात सोडू नका, पाणी मारत राहा." इथेही अगदी तेच, ओली गोणपाटं लटकवून ठेवायची, तापमान 5 डिग्रीच्या खाली जाणार असेल तर कामच करायचं नाही.

खोली लगेच कोरडी झाली नाही, एवढ्या जाड भिंतीला वेळ लागतोच. पण पोपडे थांबलेत, वास गेलाय, आतून चुन्याचाच गिलावा केलाय. पश्चिमेची भिंत अजून सिमेंटमध्येच आहे, परवानगीची मुदत 3 वर्षं असते त्यामुळे ती पुढच्या सीझनला, गोठवणारी थंडी संपली की. तोच गवंडी आत्तापासून बुक करून ठेवलाय.